चाकांवरचे पिंजरे

फिरत्या सर्कशीतील वाघ-सिंहांचा विचार बहुतेक प्रेक्षकांच्या मनात रिंगणातील पंधरा मिनिटांपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. जळगाव-धुळ्याकडील चाळिशी ओलांडलेल्या पिढीच्या आठवणीत लोखंडी जाळीआड स्टुलांवर ओळीने बसलेली जनावरे, चाबूक घेतलेला रिंगमास्टर आणि पेटत्या कड्यातून झेपावणारा वाघ एवढेच चित्र उरले आहे. दिवसाचे तीन खेळ धरले तरी एखादे जनावर रिंगणात फार तर पाऊण तास असे. उरलेले तेवीस तास ते कुठे राहत असे, काय खात असे, त्याच्या पिंजऱ्याची सफाई कोण आणि कशी करत असे, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी ते कसे नेले जात असे, या गोष्टींकडे तिकीट काढून आलेल्या माणसाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. वस्तुतः सर्कशीतील वाघाचे आयुष्य ठरत असे ते या तेवीस तासांवर, आणि त्या तासांचे स्वरूप ठरत असे ते सर्कस फिरती असण्यावर.

खानदेश हा अशा फिरत्या तंबूंच्या वाटेवरचा सोयीचा मुलूख होता. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य लोहमार्ग, सुरतेहून अमळनेरमार्गे जळगावला येऊन मिळणारा तापी खोऱ्यातील मार्ग आणि चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा यांमुळे अवजड सामान, घोडे, हत्ती आणि पिंजरे घेऊन येणाऱ्या मालकाला या भागातील मोठी गावे एकामागून एक घेता येत, आणि कापसाचा पैसा हाती खेळू लागला की तिकीट खिडकीवर गर्दी होण्याची खात्रीही असे. कार्तिकातला जळगावचा रथोत्सव, मार्गशीर्षातली सारंगखेड्याची घोड्यांसाठी प्रसिद्ध असलेली यात्रा, महाशिवरात्रीची मुक्ताईची यात्रा आणि चैत्रातली धुळ्याच्या एकवीरादेवीची यात्रा असे जत्रांचे चक्र हिवाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत या भागात फिरत असते, आणि करमणुकीच्या फिरत्या धंद्यांना त्या चक्राचा आधार मिळतो. वाघ ही या मुलखाला परकी गोष्ट नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे. १८२५ नंतरच्या दहा वर्षांत, भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या खानदेशातील वास्तव्यात, त्याच्या शिकारींत जवळपास दोनशे वाघ मारले गेले, आणि आजही मुक्ताईनगर तालुक्यातील वढोद्याच्या जंगलात वाघाचा वावर आहे. तरीही खानदेशातील सामान्य माणसाने जिवंत वाघ पाहिला असेल, तर तो बहुधा तंबूतच.

हिंदुस्थानातील आधुनिक सर्कशीचा उगम मराठी आहे. ज्युसेप्पे कियारिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ मुंबईत पाहून अश्वविद्येत निपुण असलेल्या विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास स्वतःची सर्कस उभी केली, आणि त्यांच्यामागोमाग सांगली, तासगाव, म्हैसाळ या टापूतून देवल, कार्लेकर, परशुराम अशा नावांच्या सर्कशी निघाल्या. छत्र्यांची मूळ विद्या घोड्याची होती, आणि सर्कशीचे रिंगण मुळात घोड्यासाठीच आखलेले आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्टली याने रूढ केलेला सुमारे ४२ फूट व्यासाचा गोल हा दौडत्या घोड्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराचा तोल सांभाळला जावा अशा बेताचा आहे, आणि वाघ-सिंहांनी तो पुढे आयता घेतला. हिंस्र प्राण्यांच्या खेळात जगभर गाजलेला मराठी माणूस म्हणजे पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे. आपल्या नातलगांच्या शेलार सर्कशीत ते लहानपणी शिकले, पुढे युरोपात गेले, आल्फ्रेड कूर या नामांकित फ्रेंच शिक्षकाबरोबर काम करून १९४० मध्ये अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत पोहोचले, आणि वाघ, सिंह, बिबटे व काळे बिबटे एकाच रिंगणात उतरवणारे शिक्षक म्हणून ओळखले गेले. त्यांच्या आठवणी ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ या नावाने मराठीत पुस्तकरूपाने आल्या आहेत.

प्राणिसंग्रहालयातील पिंजरा जमिनीवर बांधलेला असतो, त्यामुळे तो किती मोठा करायचा हा जागेचा आणि पैशाचा प्रश्न असतो. सर्कशीतील पिंजरा मात्र गाडीवर चढवायचा किंवा स्वतःच गाडी म्हणून ओढायचा असतो, म्हणून त्याची रुंदी वाघाच्या गरजेवरून न ठरता रेल्वेच्या उघड्या वाघिणीच्या आणि पुढे ट्रकच्या रुंदीवरून ठरते. भारतीय रस्त्यांवर मालवाहू गाडीची रुंदी अडीच मीटरांच्या आसपासच ठेवावी लागते. चौकट, गज आणि कड्या यांची जाडी वजा केली की आत दोन-सव्वादोन मीटर उरतात, आणि लांबीही वाहनाच्या हिशेबात बसवून तिचे सरकत्या जाळ्यांनी दोन-तीन कप्पे केलेले असल्याने एका जनावराच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा चौरस मीटर जागा येते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पूर्ण वाढलेला नर वाघ पावणेतीन-तीन मीटर भरतो, म्हणजे अशा कप्प्यात तो वळू शकतो, ताणून झोपू शकतो आणि दोन-तीन पावले टाकू शकतो, त्याहून अधिक काही करू शकत नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निकषांत रात्रीच्या गाळ्याचे, म्हणजे वाघाला खाऊ घालण्यासाठी व झोपण्यासाठी असलेल्या बंद खोलीचे, किमान माप जवळपास एवढेच आहे, परंतु त्या गाळ्याला जोडून वाघाच्या एका जोडीसाठी १००० चौरस मीटरांचे मोकळे आवार असावे अशीही अट आहे. सर्कशीत गाळा असतो आणि आवार नसते, असे या फरकाचे थोडक्यात वर्णन करता येईल. मालक दयाळू की निर्दय यावर हे अवलंबून नव्हते. आठ-पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने गाव बदलणाऱ्या संस्थेला मोकळे आवार बरोबर नेता येत नाही.

गावात सर्कस उतरली की तंबूच्या आधी पिंजऱ्यांची जागा ठरवावी लागे. वाघ-सिंहांचा वास वाऱ्याबरोबर आला की घोडे बिथरतात, म्हणून पिंजऱ्यांची रांग घोड्यांच्या पागेपासून दूर आणि वाऱ्याच्या उलट बाजूस लावायची, त्याच वेळी ती कलावंतांच्या प्रवेशद्वाराजवळही ठेवायची, कारण तेथूनच जाळीच्या बोगद्याने जनावरे रिंगणात सोडायची असतात. तापी-गिरणेच्या खोऱ्यात या हिशेबात मातीचीही भर पडते. येथील काळी माती कोरडी असताना भेगाळते आणि अवकाळी पावसाच्या एका सरीने लोण्यासारखी मऊ होते. तंबूचे खुंटे तिच्यात ढिले होतात, आणि दोन-तीन टनांची पिंजरागाडी एका बाजूने खचली तर दरवाजाच्या सरकपट्ट्या अडकतात. वाघाच्या पिंजऱ्याची कडी नीट न बसणे यापेक्षा मोठा धोका तळावर दुसरा नाही, त्यामुळे मुरमाड, उंचवट्याची जागा मिळाली तर ती आधी पिंजऱ्यांना दिली जाणे स्वाभाविक होते. पिंजऱ्यांवर ताडपत्रीचे छप्पर, समोर दोन-अडीच मीटर अंतरावर दोर किंवा कठडा, आणि रात्रभर एक पहारेकरी, एवढी व्यवस्था झाली की मग उरलेला तळ उभा राहत असे.

कामाचा दिवस पहाटे सुरू होई. पिंजऱ्यावरचा माणूस, म्हणजे जनावरांची रोजची देखभाल करणारा नोकर, प्रथम काहीही न हलवता नुसते पाहत असे: कालचे मांस कुणी टाकले आहे का, विष्ठा घट्ट की पातळ, पाणी प्यायले गेले की नाही, कुणी पाय उचलून धरते का, रोज आवाजाला उठणारे जनावर आज पडूनच आहे का. मांजरकुळातील प्राणी दुखणे लपवतात, आणि ते स्पष्ट दिसू लागेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. म्हणून वर्षानुवर्षे त्याच जनावरांपुढे उभ्या राहिलेल्या माणसाची ही नजर पशुवैद्यकाच्या भेटीहून अधिक उपयोगाची ठरे. त्यानंतर सरकती जाळी ओढून जनावर शेजारच्या रिकाम्या कप्प्यात घ्यायचे, जाळीला कुलूप लावायचे, कुलूप लागल्याची खात्री दुसऱ्या माणसाने करायची, आणि मगच लांब दांड्याच्या खराट्याने व पाण्याने फळ्यांची जमीन धुवायची असा क्रम असे. वाघ सामान्यतः एकेकटे ठेवावे लागतात, कारण निसर्गातही प्रौढ वाघ एकटा राहतो. सिंह कळपात राहणारे असल्याने एकत्र वाढलेल्या दोन-तीन सिंहिणी एका कप्प्यात नांदू शकतात, मात्र खाण्याच्या वेळी त्यांनाही वेगळे करावे लागते.

सफाईच्या संदर्भात एक बारकावा सांगण्यासारखा आहे. आपल्याकडे गोठा असो की संडास, जंतुनाशक म्हणून काळे फिनेल हाताशी येते. परंतु मांजरकुळातील प्राण्यांच्या यकृतात फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा करणारी रासायनिक यंत्रणा दुबळी असते, त्यामुळे फिनेलने धुतलेल्या फळीवर पंजे ठेवून नंतर ते चाटणाऱ्या वाघाला त्या द्रव्याची हळूहळू विषबाधा होऊ शकते. चुना, ब्लीचिंग पावडरचे पातळ पाणी किंवा पोटॅशियम परमँगनेट वापरून नंतर भरपूर पाण्याने धुणे हा सुरक्षित मार्ग, पण तो भरपूर पाणी असेल तेव्हाचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी धुळ्यासारख्या टंचाईग्रस्त शहरात पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या तळावर हत्ती, घोडे, माणसे आणि पिंजरे यांत पिंजरे धुण्याचा क्रमांक कितवा लागत असेल, याचा अंदाज वाचकाला करता येईल.

अन्नाची बाब तुलनेने साधी होती, तरी खर्चिक होती. बंदिस्त वाघाला किंवा सिंहाला दिवसाला साधारण सहा ते दहा किलो मांस लागते, आणि महाराष्ट्रात ते मुख्यतः म्हशी-रेड्याचे असे. म्हणजे दहा-बारा मोठी जनावरे बाळगणाऱ्या सर्कशीला गावात पाऊल ठेवण्यापूर्वी तेथील कत्तलखान्याशी रोजच्या एका क्विंटलचा व्यवहार ठरवावा लागे. मांस हाडासकट देणे आवश्यक असते. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असल्याने हाडाविना वाढवलेल्या बछड्यांची हाडे मऊ पडून पाय वाकतात, आणि काटकसरीच्या संस्थांमध्ये हा दोष पिढ्यान्पिढ्या दिसत आला आहे. अ जीवनसत्त्वासाठी यकृताचा तुकडाही द्यावा लागतो, कारण गाजरातील किंवा पालेभाजीतील द्रव्यापासून ते जीवनसत्त्व बनवण्याची क्षमता या प्राण्यांत नाही. जेवण शेवटचा खेळ संपल्यावर रात्री एकदाच, आणि आठवड्यातून एक दिवस लंघन, ही रीत प्राणिसंग्रहालयांप्रमाणे सर्कशीतही होती. खेळासाठी वाघांना उपाशी ठेवतात ही सर्वदूर पसरलेली समजूत मात्र तपासून घ्यावी लागते: पोट भरलेले जनावर झोपाळते म्हणून खेळाआधी त्याला खायला घालत नाहीत हे खरे, पण खरोखर भुकेला वाघ शेजाऱ्यावर आणि शिक्षकावर धावून जाण्याची शक्यता अधिक असल्याने उपासमार ही शिक्षकाच्या स्वतःच्या जिवावर बेतणारी गोष्ट होती.

खानदेशच्या हवामानाचा विचार केल्याशिवाय या निवासाचे खरे स्वरूप कळत नाही. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि लोखंडी गजांच्या, पत्र्याच्या छपराच्या पेटीत त्या उन्हाचा ताप आणखी वाढतो. रानातला वाघ अशा दुपारी डोहात अंग बुडवून किंवा नाल्याच्या दाट सावलीत पडून राहतो. वाघाला पाणी आवडते आणि देहाचे तापमान आवरण्याचे त्याचे ते मुख्य साधन आहे, कारण माणसासारखा घाम गाळून थंड होण्याची सोय त्याला नाही, तो धापा टाकतो. पिंजऱ्यात डोह नसतो. ओली पोती, वाळ्याचे किंवा गवताचे पडदे, दुपारी अंगावर पाण्याचा फवारा आणि छपरावर पेंढा, इतकेच उपाय हाताशी असत, आणि म्हणून समंजस मालक चैत्र संपण्यापूर्वी या भागातून तळ हलवण्याची घाई करत. हिवाळ्यात उलटा प्रश्न येतो, कारण याच जिल्ह्यांत रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो आणि जमिनीपासून उंच असलेल्या फळ्यांखालून वारा वाहतो. त्या वेळी पेंढ्याचा जाड थर आणि तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधणे पुरेसे ठरते. थंडीचा बंदोबस्त करता येतो, उन्हाचा करता येत नाही, असा एकंदर अनुभव होता.

प्रशिक्षणाबाबत बोलायचे तर त्यामागील तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याविना चाबूक आणि स्टूल या वस्तूंचा अर्थ लागत नाही. बर्न, बाझल आणि झ्युरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालक राहिलेले स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी सर्कशीतील प्राण्यांचे बारकाईने निरीक्षण करून दोन अंतरांची कल्पना मांडली. शत्रू ज्या अंतरावर आला की प्राणी पळू लागतो ते पलायन-अंतर, आणि पळायला वाव नसताना शत्रू आणखी जवळ आला की ज्या बिंदूवर प्राणी उलटून हल्ला करतो ते निर्णायक अंतर. रिंगमास्टर एक पाऊल पुढे टाकतो तेव्हा तो या दुसऱ्या सीमेला स्पर्श करतो आणि वाघ त्याच्या दिशेने येतो, एक पाऊल मागे घेतो तेव्हा वाघाचा आवेश ओसरतो, आणि वाटेत स्टूल ठेवलेले असेल तर तो त्यावर चढून थांबतो. प्रेक्षकांना जे आज्ञापालन वाटते ते बऱ्याच अंशी सेंटिमीटरांचे गणित असते. चाबूक हा हाताची लांबी वाढवणारा आणि आवाजाने दिशा दाखवणारा दंड, काठीच्या टोकाला लावलेला मांसाचा तुकडा हे बक्षीस, आणि प्रत्येक जनावराचे ठरलेले स्टूल ही त्याची सुरक्षित जागा, जिथे शेजारी त्याला त्रास देत नाही. शिक्षक नेहमी जनावरांच्या आधी रिंगणात शिरतो, कारण आधी आलेल्याचा त्या भूमीवर हक्क आहे असे ही जनावरे मानतात. नाकातून फुरफुरल्यासारखा आवाज काढणे हे वाघाचे अभिवादन आहे, सिंह तसा आवाज काढत नाही, आणि जुने शिक्षक वाघांना त्याच फुरफुरीने उत्तर देत असत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत हिंस्र प्राण्यांना मारून, तापल्या सळईने भिववून खेळ करवला जात असे. हॅम्बुर्गचे प्राणीव्यापारी कार्ल हागेनबेक यांनी त्या शतकाच्या अखेरीस जनावराचा स्वभाव ओळखून, बक्षिसावर भर देऊन शिकवण्याची पद्धत रूढ केली, आणि आल्फ्रेड कूर व दामू धोत्रे हे त्याच परंपरेतले. भारतातील सर्व सर्कशी या परंपरेने चालत होत्या असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. सराव पहाटे, बंद तंबूत, बाहेरच्या कुणाच्याही नजरेआड होत असे, आणि पगारी शिक्षकाला ठरावीक दिवसांत खेळ उभा करून द्यायचा असेल तर संयमाची जागा लोखंडी काठी घेते, यात शंका घेण्याचे कारण नाही. आगीचे कडे हा तर या विद्येतला सर्वांत निकृष्ट प्रकार मानला पाहिजे, कारण त्यात प्राण्याची नैसर्गिक हालचाल दिसत नाही, दिसतो तो भीतीवर लादलेला सराव.

रिंगणाभोवतीची जाळी दहा-बारा फूट उंचीच्या सुट्या चौकटींची असते, आणि ती उभी करायला वेळ लागत असल्याने वाघ-सिंहांचा खेळ कार्यक्रमाच्या अगदी आरंभी किंवा मध्यंतरानंतर लगेच ठेवला जाई. खेळ संपल्यावर जाळी सुटेपर्यंत विदूषकांनी वेळ भरून काढायचा. पिंजऱ्यापासून रिंगणापर्यंत लोखंडी कमानींचा बोगदा जोडलेला असे. त्याचा प्रत्येक सांधा तपासणे, जनावरे मोजून सोडणे आणि मोजून परत घेणे, शिक्षक आत असेतो एक माणूस पाण्याचा जाड नळ हातात धरून जाळीबाहेर उभा ठेवणे, या गोष्टी प्रेक्षकांच्या नजरेत भरत नसत. गुंतलेली दोन जनावरे सोडवायला बंदुकीपेक्षा पाण्याचा झोत कितीतरी उपयोगी पडतो. खेळ चालू असताना झालेल्या अपघातांची चर्चा होते, पण हे पिंजरे सांभाळणाऱ्यांना खरा धोका रोजच्या सफाईत असतो: झोप न झालेला नोकर, कडी लागली असे गृहीत धरणारा हात आणि गजांतून बाहेर येणारा पंजा.

आरोग्याच्या तक्रारींत नखांची तक्रार खास पिंजऱ्याची म्हणावी लागेल. झाडाच्या बुंध्यावर ओरबाडून वाघ नखांचे जुने कवच काढून टाकतो. लाकडाचा ओंडका न दिलेल्या पिंजऱ्यात नखे वाढत जाऊन वळतात आणि पंजाच्या गादीत रुततात, त्यात पू होतो, आणि रिंगणात उडी मारल्यावर जनावर लंगडते. उपचारासाठी दाबपिंजरा वापरतात. त्याची एक बाजू आत सरकवून जनावराला हळूहळू गजांशी दाबले जाते, म्हणजे सुई टोचणे किंवा नख कापणे शक्य होते. झायलाझिन व केटामिन ही भुलीची औषधे उपलब्ध होण्यापूर्वी दोर आणि दाबपिंजरा एवढाच मार्ग होता. गुराढोरांच्या वस्तीजवळ तळ पडल्याने गोमाश्यांतून पसरणारा सरा हा रक्तातील परजीवींचा रोग वाघांना होण्याचा धोका असे. तो किती घातक असतो हे ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २००० सालच्या जुलैमध्ये बारा वाघ दगावले तेव्हा देशाला कळले.

शरीराच्या रोगांपेक्षा मनाचा रोग अधिक सार्वत्रिक होता. पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्याच ठिकाणी मान वळवून, तासन्‌तास येरझारा घालणाऱ्या वाघाला पाहून लोक तो ‘रागावलेला’ किंवा ‘शिकारीच्या तयारीत’ असल्याचे समजत. प्राणिवर्तनाच्या अभ्यासात याला साचेबद्ध वर्तन म्हणतात, म्हणजे हेतू नसलेली, न बदलणारी, पुनःपुन्हा होणारी हालचाल. ऑक्सफर्डमधील रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की निसर्गात ज्या मांसाहारी प्राण्यांचे फिरण्याचे क्षेत्र मोठे असते त्यांच्यात बंदिवासात येरझारांचे प्रमाण अधिक आढळते. शिकारीची भूक भागवली तरी फिरण्याची ओढ भागत नाही, हा त्याचा अर्थ. सर्कशीचे समर्थक येथे एक मुद्दा मांडत आणि तो पूर्णपणे टाकाऊ नाही: सराव आणि खेळ यांमुळे सर्कशीतल्या जनावराला हालचाल व बुद्धीला काम मिळते, जे जुन्या पद्धतीच्या सिमेंटच्या प्राणिसंग्रहालयात मिळत नसे. परंतु पाऊण तासाची हालचाल तेवीस तासांच्या कप्प्याची भरपाई करू शकते असे मानण्यास आधार नाही, आणि खेळ थांबलेल्या, म्हाताऱ्या किंवा आजारी जनावरांना तर तोही पाऊण तास नसे.

केंद्र सरकारने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या २२ व्या कलमान्वये २ मार्च १९९१ रोजी अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व कुत्रा यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कस मालकांच्या महासंघाने दिल्ली उच्च न्यायालयात तिला आव्हान दिल्यावर तिचा फेरविचार झाला, आणि १४ ऑक्टोबर १९९८ च्या नव्या अधिसूचनेत कुत्रा वगळून सिंहाची भर घालण्यात आली. केरळ उच्च न्यायालयाने जून २००० मध्ये ती वैध ठरवली, त्यावरील अपील सर्वोच्च न्यायालयाने १ मे २००१ रोजी फेटाळले. मालकांचा मुख्य युक्तिवाद व्यवसाय-स्वातंत्र्याचा होता. न्यायालयांनी प्राण्यांना होणाऱ्या यातना आणि त्यांची बंदिस्त अवस्था यांना अधिक वजन दिले. चांगला मालक आणि वाईट मालक असा भेद या अधिसूचनेने केला नाही, ही तक्रार सर्कशीच्या लोकांनी वारंवार केली आहे, आणि भावनेच्या पातळीवर ती समजण्यासारखी असली तरी पिंजऱ्याची रुंदी रस्त्याने ठरवलेली असताना असा भेद करून फारसे काही साधले नसते. नुकसान मात्र खरे होते: वाघ-सिंहांविना तिकीट विक्री घसरली, आणि पिंजऱ्यावरच्या माणसांना, ज्यांची सारी विद्या याच जनावरांपुरती होती, पर्यायी काम देण्याची कोणतीही योजना त्या निर्णयाबरोबर आली नाही.

जप्त झालेल्या किंवा स्वाधीन केलेल्या जनावरांसाठी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने विशाखापट्टणम, तिरुपती, बंगळुरूजवळील बन्नेरघट्टा, चेन्नईजवळील वंडलूर, जयपूरचे नाहरगड, भोपाळचे वनविहार इत्यादी ठिकाणी बचाव केंद्रे उभारली. खानदेशातून पाहिले तर भुसावळ-इटारसी मार्गाने पुढे गेल्यावर लागणारे भोपाळ हे त्यांतले सर्वांत जवळचे. या केंद्रांपुढील एक अडचण सर्कशीच्या पैदाशीतून आलेली होती: मालकांनी वंशाची नोंद न ठेवता आफ्रिकी आणि गीरचे आशियाई सिंह एकमेकांत मिसळले होते, त्यामुळे बचावलेले बहुसंख्य सिंह संकरित निघाले, आणि आशियाई सिंहाच्या संवर्धनात त्यांना स्थान देता येत नव्हते. नरांची नसबंदी करून, माद्यांना वेगळे ठेवून, या जनावरांना मरेपर्यंत सांभाळायचे पण त्यांची पुढची पिढी होऊ द्यायची नाही असे धोरण ठरले. बंदिवासातील वाघ-सिंहांचे आयुर्मान सोळा ते वीस वर्षे असल्याने त्या पिढीतील बहुतेक जनावरे एव्हाना संपली आहेत.

दाबपिंजरा, सरकती जाळी आणि भुलीची सुई ही साधने मात्र वापरातून गेली नाहीत. खानदेशात केळी आणि उसाच्या शेतांत शिरणाऱ्या बिबट्यांसाठी वनखाते जे पिंजरे लावते त्यांची रचना फारशी वेगळी नाही, आणि चाळीसगाव तालुक्यात २०१७ मध्ये माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याने पिंजऱ्यांना दाद दिली नाही तेव्हा त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. सर्कशीच्या वाघ-सिंहांसाठी बांधलेल्या काही बचाव केंद्रांतील गाळ्यांत आता अशाच संघर्षातून पकडलेले, जंगलात परत सोडता न येणारे बिबटे ठेवले जातात.